कुतानीचं चावान रंगवलं, त्याची गोष्ट

आम्ही राहतो जपानमध्ये, इशिकावा प्रांतातल्या नोमी शहरात. नवरा जाईस्ट या विद्यापीठात रिसर्च करतो, कॅम्पस टेकडीवर आहे आणि तिथून खाली तेराई भागात उतरलं की कुतानी-याकीची, म्हणजे इथल्या पारंपरिक रंगवलेल्या पोर्सलीनच्या (चिनी मातीच्या) भांड्यांची दुकानं सुरू होतात, मे महिन्याच्या सुट्ट्यांमध्ये तर इथे भांड्यांची मोठी जत्राच भरते. माच्चा म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा घुसळलेला चहा, तो प्यायचा जो मोठा वाडगा असतो ते चावान. असं एक चावान मी इथल्या एका सेन्सेईंकडे, म्हणजे शिक्षिकेकडे, बसून पहिल्या रेघेपासून भट्टीतून बाहेर येईपर्यंत स्वतः रंगवलं. पुण्याहून मैत्रिणी फोनवर सारख्या विचारतात की तिथे नक्की करतात काय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला कुतानी आवडत नव्हतं. कानाझावा स्टेशनच्या दुकानांमध्ये जे दिसतं ते लाल आणि सोनेरी, कुठे म्हणून मोकळी जागा नाही, बघून डोळे थकायचे. मग एका पावसाळी रविवारी दाईशोजीच्या कुतानी म्युझियममध्ये गेलो, तिथे आओते प्रकारासाठी वेगळी खोलीच आहे, आणि त्या खोलीतून मला नवऱ्याने अक्षरशः ओढून बाहेर काढलं. आओते म्हणजे लाल रंग अजिबात वापरायचा नाही, फक्त हिरवा, पिवळा, जांभळा आणि गडद निळा, आणि या रंगांनी ताटाचा पांढरा भाग जवळजवळ पूर्ण झाकून टाकायचा. त्या हिरव्यात इतकी खोली आहे की कडेने वाकून बघितलं तर रंगाच्या आत खाली काळी रेघ दिसते. तेव्हा मला कळलं की हा रंग म्हणजे काच आहे, रंगीत काच, आणि पुढे क्लासमध्ये जे जे नियम शिकले ते सगळे या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

थोडा इतिहास सांगते. १६५५ च्या सुमारास दाईशोजी संस्थानाचा पहिला अधिपती माएदा तोशिहारू याने कुतानी नावाच्या डोंगरातल्या गावी पोर्सलीनची भट्टी सुरू करवली. त्या भागात पोर्सलीनला लागणारा दगड सापडला होता, आणि गोतो साइजिरो नावाच्या माणसाला क्यूशूमधल्या आरिताला पाठवून तिथलं तंत्र शिकून आणायला लावलं अशी परंपरेने सांगितलेली हकीकत आहे. साधारण पन्नास वर्षांत ती भट्टी बंद पडली. त्या काळच्या मालाला को-कुतानी म्हणतात, आणि त्यावरून अभ्यासकांमध्ये जोरदार वाद आहे, कारण त्याच पद्धतीचे तुकडे आरिताच्या जुन्या भट्ट्यांच्या उत्खननातही सापडले आणि को-कुतानी म्हणून जपलेला बराचसा माल मुळात आरिताचाच असं अनेकजण मानतात. माझं मत विचाराल तर हा वाद महत्त्वाचा आहे पण इथली परंपरा त्यावर अवलंबून नाही, कारण ती उभी आहे पुढच्या लोकांनी काय केलं त्यावर. शंभर वर्षं सगळं शांत होतं, मग १८०७ मध्ये क्योतोचा कुंभार आओकी मोकुबेई कानाझावाला आला, १८११ मध्ये कोमात्सुजवळ हानासाका इथे चांगला दगड सापडला (तो आजही काढतात), आणि १८२४ मध्ये दाईशोजीच्या तोयोदा देनेमोन या सत्तरी ओलांडलेल्या व्यापाऱ्याने स्वतःचे पैसे घालून त्या मूळच्या कुतानी गावातच भट्टी उभी केली, का, तर जुन्या कुतानीचे ते रंग त्याला परत हवे होते. त्याच्या पेढीच्या नावाने ती योशिदाया म्हणून ओळखली जाते. गाव फार आडबाजूला असल्याने दोन वर्षांत भट्टी यामाशिरोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात हलवली, देनेमोन १८२७ मध्ये वारला, आणि १८३१ मध्ये भट्टी बंद. एवढ्याशा काळात जो माल निघाला तो माझ्या मते कुतानीतला सगळ्यात सुंदर माल आहे. दुकानांमधलं ते लाल-सोनेरी त्याच्या नंतरचं, आणि मेइजी काळात (१८६८ ते १९१२) परदेशात जपानी कुतानी म्हणून तेच खपलं, त्यात मोठं नाव कुतानी शोझा, तो आमच्या तेराईचाच.

आता क्लास. आमच्या सेन्सेई सत्तरीच्या आसपासच्या आहेत, त्यांचं घराणं रंगकामाचं. इथे माती आणि रंग हे दोन वेगळे धंदे आहेत, वाडगा घडवणारे वेगळे आणि त्यावर रंगवणारे वेगळे, त्यामुळे आमच्या हातात येतं ते आधीच १३०० अंशांच्या आसपास भाजलेलं, वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेचा थर, असलेलं पांढरं चावान. पांढरं म्हणजे अगदी दुधासारखं नाही, हानासाकाच्या दगडात थोडं लोह असतं त्यामुळे किंचित निळसर राखाडी झाक असते, आणि ती झाक या गडद रंगांना फार शोभते. दगड फोडण्यापासून माती तयार होईपर्यंतचं काम बघायचं असेल तर कोमात्सुमध्ये सेराबो कुतानी म्हणून जागा आहे, २०१९ मध्ये उघडली, इमारत केंगो कुमा या वास्तुकाराची, जरूर जा.

पहिल्या दिवशी चावानला हात लावूच दिला नाही. सेन्सेईंनी एक पांढरी टाइल दिली आणि सगळे रंग त्यावर पातळ, मध्यम, जाड असे ठेवायला सांगितले. कच्चे रंग बघून मी गोंधळूनच गेले, कारण बरण्यांमध्ये सगळेच पांढुरके, राखाडी, करडे. हिरव्यात तांबं असतं, जांभळ्यात मँगनीज, निळ्यात कोबाल्ट, पण ते भट्टीत काच वितळल्याशिवाय दिसतच नाही. फक्त लाल तेवढा आधीपासून लाल असतो कारण तो लोहाचा आहे आणि त्यात काच अगदी कमी, म्हणून तो पातळ लावायचा आणि तो अपारदर्शकच राहतो. म्हणजे कुतानीचे पाच रंग म्हणतात त्यात चार एका जातीचे आणि लाल एकटा वेगळ्या जातीचा. भट्टीतून टाइल आली तेव्हा पातळ ठेवलेला हिरवा निस्तेज, कोरडा दिसत होता, मध्यम जाडीचा चमकत होता, आणि सगळ्यात जाड होता त्याच्या कडेने बारीक टवका उडाला होता. ती टाइल मी अजून टेबलावर ठेवते, कारण रंगवताना डोळ्यांना जे दिसतं त्याचा काही उपयोग नाही, कुठल्या जाडीला काय होतं हे टाइलच सांगते.

डिझाइनसाठी मी शेवंती घेतली. कुतानीत शेवंती खूप येते आणि मला ती आपली वाटते, आजीच्या अंगणात पिवळ्या शेवंतीचे ताटवे होते. सेन्सेई म्हणाल्या, “काढा, पण आधी चावान हातात धरून चहा पिऊन बघा.” मला वाटलं चहाची सुट्टी आहे. पण त्यांनी खरंच एका साध्या चावानमध्ये माच्चा घुसळून दिला आणि पिताना विचारत राहिल्या, आता अंगठा कुठे आहे, आता डोळे कुठे आहेत. चावानला एक समोरची बाजू असते, यजमान ती पाहुण्याच्या बाजूला करून ठेवतो, आणि पाहुणा त्या बाजूवर ओठ लागू नयेत म्हणून वाडगा हातावर थोडा फिरवून मग पितो. म्हणजे मुख्य फूल समोर काढलं तर पिणाऱ्याला ते पिण्याआधी दिसणार आणि पिताना समोर बसलेल्या माणसाला भलतीच बाजू दिसणार. मागची बाजू रिकामी सोडली तर ती पण कोणाला तरी दिसणारच आहे. कागदावर चित्र काढताना चौकट असते, इथे चौकटच नाही, वाडगा फिरत राहतो. शेवटी समोर एक मोठं फूल, तिथून देठ आणि पानं कडेकडेने पूर्ण गोल फिरून मागे एका कळीशी थांबतात, असं ठरलं. काठाजवळची बोटभर जागा मोकळी, कारण तिथे ओठ लागतात आणि जाड रंगाचा उंचवटा ओठांना लागलेला चांगला नाही. आणि आत काहीच नाही. आत रंग नको याचं कारण एकदम साधं आहे, वरून भाजलेला हा रंग खालच्या ग्लेझपेक्षा मऊ असतो आणि चासेनने, म्हणजे माच्चा घुसळायच्या बांबूच्या रवीने, रोज घुसळलं तर तो घासला जातो. शिवाय पारंपरिक रंगांमध्ये शिसं असायचं. आता शिसं नसलेले रंग मिळतात आणि क्लासमध्ये आम्ही तेच वापरतो, तरी सेन्सेईंची सवय जुनीच, खाण्यापिण्याच्या बाजूला रंग नाही.

वाडगा समान भागांत वाटायची त्यांची युक्ती मला फार आवडली. कागदाची पट्टी काठाभोवती गुंडाळायची, जिथे टोकं जुळतात तिथे कापायची, मग पट्टीची घडी घालत जायची आणि घड्यांच्या खुणा परत काठावर उतरवायच्या. मोजपट्टी लागतच नाही. चित्राचा कच्चा आराखडा पेन्सिलने काढतात, पेन्सिल भट्टीत जळून जाते.

मग गोसू. गोसू म्हणजे काळ्या रेषेची पूड, कोबाल्ट, मँगनीज, लोह असलेली, आणि ती घोटायची असते चहात. हो, चहात. कडक उकळलेला चहा गार करून त्यात गोसू काचेवर घोटत बसायचं, चहातल्या टॅनिनमुळे रेघ ग्लेझवर नीट धरून राहते आणि पसरत नाही. घोटणं म्हणजे पाच मिनिटांचं काम नाही, दुपारच्या दुपार त्यात जाते, आणि सेन्सेई मधूनच करंगळीने थोडं उचलून दोन बोटांत चोळून बघायच्या आणि काही न बोलता परत काच माझ्याकडे सरकवायच्या.

या काळ्या रेषेच्या कामाला कोत्सुगाकी म्हणतात. ब्रश लांब केसांचा आणि टोक अगदी बारीक, उजव्या हाताखाली लाकडी पट्टीचा आधार, डाव्या हातात चावान आतून धरलेलं, कारण बाहेरून बोट लागलं की त्वचेचं तेल राहतं आणि तिथे गोसू बसतच नाही. ग्लेझ गुळगुळीत असल्यामुळे ब्रश सरकतो, कागदासारखा अडत नाही, म्हणून मनगट स्थिर ठेवून वाडगाच फिरवायचा असतो. शेवंतीच्या पाकळ्या बाहेरून आत काढत गेले, प्रत्येक पाकळीला दोन रेघा आणि टोकाला किंचित दाब. वाळलेली रेघ म्हणजे नुसती पूड असते, फुंकर जोरात मारली तरी धाकधूक होते, आणि नको असलेला भाग बांबूच्या टोकाने खरवडून काढता येतो. तळाला सही करायची असते, जुन्या कुतानीवर चौकोनात ‘फुकू’ हे शुभचिन्ह काढून त्यावर हिरवा रंग घातलेला असतो. मी विचारलं, मी पण फुकू काढू का, तर म्हणाल्या तुमच्या लिपीत काढा. मग मी दुहेरी चौकोन आखून आत देवनागरीत ‘शुभ’ लिहिलं. ‘भ’ची गाठ त्या चौकोनात बसवायला जितका वेळ गेला तितका एका पानाला पण गेला नव्हता. सेन्सेई ती बराच वेळ बघत होत्या, वरची आडवी रेघ आधी काढतात की नंतर हे पण त्यांनी विचारून घेतलं.

आणि आता खरं कसब. कुतानीत गोसूची रेघ न भाजताच त्यावर रंग ठेवतात. खाली वाळलेली पूड आहे, वर ओला रंग घालायचा आहे, आणि ब्रश जरा जरी रेघेला घासला तर काळं रंगात मिसळून सगळं गढूळ होणार. म्हणून इथे रंग फासत नाहीत. जाड ब्रश रंगात बुडवून भरपूर उचलायचा, धिरड्याच्या पिठाइतका घट्ट असतो तो, मग पाकळीच्या मध्ये टेकवायचा आणि ब्रशचे केस ग्लेझला लागू न देता त्या रंगाच्या थेंबाला कडेपर्यंत हळूहळू चालवत न्यायचं. ब्रश आणि वाडगा यांच्यामध्ये सतत रंगाचा थर असला पाहिजे. रेघेपर्यंत आणून थांबायचं नाही, रेघ झाकायचीच, कारण रंग म्हणजे काच आणि काचेतून काळी रेघ दिसणारच आहे. उलट जी रेघ उघडी राहील ती भाजल्यावरही हाताने पुसली जाऊ शकते, गोसूमध्ये स्वतःची काच नसते ना. म्हणून जिथे रेघ हवी आणि रंग नको, तिथे बिनरंगी काच ठेवतात, तिला इथे नुसतं ‘पांढरा’ म्हणतात. म्युझियममध्ये ज्या खोल हिरव्यात मला काळी रेघ दिसली होती तिचं कारण मला इथे बसून, ब्रश हातात धरून समजलं.

पाकळ्या पिवळ्या, पानं हिरवी, कळी जांभळी, आणि देठाजवळच्या दोन पानांच्या मागच्या बाजूंना निळा. सगळं समोर राखाडी दिसत असताना हे ठेवायचं म्हणजे मनात सतत हिशेब चालू, की हे राखाडी ते हिरवं आणि हे करडं ते जांभळं. सेन्सेईंच्या बरण्या ज्या क्रमाने असतात त्या क्रमानेच परत ठेवायच्या हा नियम मला आधी कडक वाटला होता, नंतर पटला. बरण्यांच्या वरच्या फळीवर तयार भांडी असतात आणि फळीच्या पुढून एक जाड दोरी आडवी बांधलेली आहे. ती १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतरची. केंद्र उत्तरेला दूर होतं तरी इथेही भांडी कोसळली. त्यांच्या वडिलांनी रंगवलेली साकेची सुरई त्यात गेली, तिचे तुकडे त्यांनी डब्यात ठेवलेत, आणि रंगाची जाडी कशी असावी हे मला त्यांनी त्यातल्याच एका तुकड्याची कड दाखवून शिकवलं. तुटलेल्या कडेवर स्पष्ट दिसतं, खाली पांढरी माती, मग ग्लेझची पातळ पट्टी, आणि त्यावर उभा राहिलेला हिरवा.

भाजणं सेन्सेईंकडेच होतं, इलेक्ट्रिक भट्टी, सुमारे ८०० अंश, पहिल्या भाजणीच्या मानाने खूपच कमी. सुरुवातीला झरोका उघडा ठेवतात, रंगात जो समुद्री शेवाळाचा डिंक असतो तो जळून त्याचा धूर बाहेर जाऊ द्यायला. पूर्वी यासाठी लाकडावरच्या छोट्या भट्ट्या असत आणि बदललेल्या रंगावरून आत किती आच आहे ते ओळखत. आता मीटर आहे, पण गार होईपर्यंत दार उघडायचं नाही हा नियम तोच आहे, घाईने गार हवा आत गेली की रंगाला तडे जातात.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा पिवळा सगळ्यात आधी दिसला. मला वाटलं होतं तो लिंबासारखा फिका येईल, पण तो मधाच्या जवळ जाणारा, आणि पाकळीच्या दोन्ही रेघा त्याच्या तळाशी स्वच्छ. हिरवा पानाच्या टोकाला साठून गडद झालाय आणि मधे हलका, हे मी ठरवून केलेलं नाही, वितळताना तो वाडग्याच्या उतारावरून खाली ओघळला आणि टोकाला थांबला. जांभळ्या कळीवर सुईच्या टोकाएवढा एक बुडबुडा फुटून खड्डा पडला होता, हे काचेत होतंच, सेन्सेईंनी त्यात जांभळा भरून चावान परत भट्टीत घातलं आणि आता तो खड्डा नेमका कुठे होता ते मलाही शोधावं लागतं. तळाचा ‘शुभ’ हिरव्या काचेखाली आहे.

वापराबद्दल. पोर्सलीनचं चावान पटकन गरम होतं, चहावाले लोक म्हणूनच राकु किंवा हागीच्या जाड मातीच्या वाडग्यांना वरचं स्थान देतात, आणि कानाझावाला तर स्वतःचं ओही-याकी आहे, १६६६ मध्ये चहाचा गुरू सेन्सो सोशित्सु माएदांच्या पदरी आला तेव्हा त्याच्याबरोबर क्योतोहून आलेल्या कुंभाराने सुरू केलेलं, हाताने घडवलेलं, तांबूस ग्लेझचं, अजिबात न रंगवलेलं. हिवाळ्यात मी पण तेच धरेन. पण उन्हाळ्यात, पांढऱ्या तळाशी माच्चाचा हिरवा आणि बाहेर कुतानीचा हिरवा असे दोन हिरवे एकत्र बघायचे असतील तर हेच हवं. धुवायचं हाताने, मऊ स्पंजने, लगेच पुसायचं, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही.

पुढचं काम ठरलंय. आओते, म्हणजे पांढरं जवळजवळ काहीच शिल्लक ठेवायचं नाही, पिवळी जमीन आणि त्यावर काळ्या बारीक नक्षीने भरलेली पूर्ण पार्श्वभूमी. सेन्सेई म्हणाल्या, चावान नको, आधी छोटी ताटली घ्या, आणि गोसू घोटायला बसवलं.